चौतीस फोनांची पूजा

सोनलने फोन उलटा केला आणि नखाने कुंकू खरवडायला सुरुवात केली. फोनच्या पोटावर एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारा अक्षर-आकड्यांची ओळ छापलेली होती. त्यातले पहिले पाच दिसत होते. पुढच्या सातांवर हळद, हळदीवर कुंकू आणि कुंकवावर तांदळाचा एक दाणा असा काही घट्ट बसला होता, की जणू कारखान्यातूनच तसा आला असावा. दाणा शेवटी निघाला, पण निघताना पट्टीचा टवकाही घेऊन गेला. आता तिथे आठ होता की इंग्रजी बी, हे देवीलाच ठाऊक.

तिने दुसरा फोन उलटा केला. त्यालाही कुंकू. तिसऱ्याला कुंकू आणि झेंडूची एक पाकळी.

दसऱ्यानंतरचा शनिवार होता. मांडव्याच्या जेटीवर सुट्टीची गर्दी उसळलेली, आणि कॅटामरान कंपनीच्या या ऑफिसात कालपासून फोन भलत्याच टेबलांवर वाजत होते. सोनल सकाळच्या पहिल्या एसटीने वडखळहून निघाली होती ती एकच गोष्ट मनाशी घट्ट धरून: माझ्या कामात चूक नाही, आणि हे मी आज सिद्ध करून दाखवणार. वाटेत अलिबागला चहासुद्धा घेतला नव्हता.

तिचा हट्ट समजण्यासारखा होता. ऑफिसातला जुना टेलिफोन बोर्ड काढून इंटरनेटवर चालणारे हे चौतीस काळे फोन सप्टेंबरात तिनेच बसवले होते. पनवेलच्या निकेत सरांकडे चार वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली तारा ओढत होती, तळोज्याच्या कारखान्यांत, रसायनीच्या गोदामांत, कधी छताच्या पत्र्याखाली आडवी पडून. कागदावर फक्त तिचं नाव असलेलं हे पहिलं काम. ते नीट झालं तर पुढचं रोह्याचं मोठं काम तिचं. नाही झालं तर रोहा तिच्यासोबतच्या रितेशकडे, आणि ही पुन्हा शिडीवर. निकेत सरांनी काल फोनवर हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. त्यांचा आवाज गोड झाला की समजावं, मामला गंभीर आहे.

आणि मामला होताच. काल सकाळी गेटवेच्या खिडकीवरून इथल्या कंट्रोल रूमला फोन आला होता की नऊच्या बोटीत एका म्हाताऱ्या बाईंच्या छातीत दुखतंय, धक्क्यावर गाडी तयार ठेवा. तो फोन कंट्रोल रूममध्ये वाजलाच नाही. वाजला कॅन्टीनमध्ये. कॅन्टीनवाल्या बुधाजीच्या कढईत वडे होते. त्याने कानाला लावला, "कंट्रोल का?" ऐकलं, राँग नंबर म्हणून ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तो वाजत राहिला आणि बुधाजी वडे काढत राहिला. बाई अर्धा तास धक्क्यावरच्या बाकावर बसून होत्या. पुढे रिक्षा मिळाली, डॉक्टरांनी पित्त आहे म्हणून घरी पाठवलं, सगळं ठीक झालं. पण ते पित्तच असेल असं कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि त्यांच्या मुलाने तिकीट खिडकीवर जे काही सुनावलं ते सगळ्या जेटीने ऐकलं.

मॅनेजर सुजित तसा वाईट माणूस नव्हता. पण कालपासून मुंबईच्या ऑफिसने त्याला धारेवर धरलं होतं, आणि धारेवरचा माणूस दुसऱ्याला धारेवर धरायला बघतो. आल्या आल्या त्याने सोनलला सांगितलं की चार वाजता मुंबईला रिपोर्ट गेला पाहिजे.

"मला कारण पाहिजे आणि एक नाव पाहिजे," तो म्हणाला. "सिस्टीम खराब असेल तर तुमचं नाव. आमच्यापैकी कुणी घोळ घातला असेल तर त्याचं. सोमवारपासून तो माणूस इथे दिसणार नाही."

सोनलने लॅपटॉप उघडला. या फोनांची एक रीत असते. तार जोडली की फोन जागा होतो आणि पहिली हाक मारतो: मी आलोय, माझा पत्ता काय? ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर त्याच्या पोटावरची ती बारा अक्षरं वाचतो, यादीत शोधतो आणि त्याचा ठरलेला पत्ता देतो. पत्त्याबरोबर येतो नंबर. यादी सोनलने स्वतः भरली होती, प्रत्येक ओळ दोनदा तपासून. आज तिने ती चौतीस वेळा तपासली. सर्व्हरने एकही चूक केली नव्हती. ज्या फोनला जो पत्ता द्यायचा तोच दिला होता. कंट्रोल रूमच्या फोनला कंट्रोल रूमचाच नंबर होता. फक्त तो फोन कॅन्टीनमध्ये, वड्यांच्या परातीशेजारी बसला होता.

तिला आनंद झाला. कबूल करायला काय हरकत आहे, चांगला उकळी फुटल्यासारखा आनंद झाला. फोन कुणीतरी हलवले होते. चूक तिची नव्हती.

"कुणी हलवले?" तिने मोठ्याने विचारलं.

"मी," चौकशीच्या खिडकीतून आवाज आला.

कमळताई उठून आल्या. सव्वीस वर्षं या कंपनीचा टेलिफोन बोर्ड त्यांनी चालवला होता. मुळात बाई चौलच्या. पण चौलपेक्षा जास्त आयुष्य त्यांनी या जेटीवर काढलं होतं. निवृत्तीनंतर कंपनी त्यांना एकेका वर्षाने ठेवून घेत होती, आणि बोर्ड गेल्यावर त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. नव्या फोनांना त्या महिनाभर डबडी म्हणत होत्या. आणि दसऱ्याला त्यांनीच घरून हळदकुंकू आणि टोपलीभर झेंडू आणले. ऑफिसातल्यांनी चिडवलं, काय कमळताई, डबड्यांची पूजा? त्या म्हणाल्या, घरात आलेत ना, मग आता घरचेच.

दर दसऱ्याला त्या हेच करत. सगळे फोन काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, देवीच्या तसबिरीपुढे मांडायचे. यंदा अकरा-अकराच्या तीन ओळी झाल्या आणि उरलेला एक त्यांनी देवीच्या पायाशी ठेवला. आरती झाली, पेढे झाले, आणि संध्याकाळी फोन जागोजाग परत लावले. पायाशी होता तो सगळ्यात आधी उचलला आणि सगळ्यात जवळच्या दारात, म्हणजे कॅन्टीनमध्ये दिला. चौतीसही दिसायला सारखे. कुठला कुठे, हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

पडणार कसा? जुन्या बोर्डावर नंबर तारेचा असायचा. तारेच्या टोकाला कुठलाही फोन लावा, हिरवा लावा, फुटका लावा, वाजायचा तोच. सव्वीस दसरे त्यांनी फोन उचलले आणि हाताला येईल तसे परत लावले, आणि सव्वीस वर्षांत एक घंटी चुकीच्या टेबलावर वाजली नव्हती.

सुजितने सगळं ऐकून घेतलं. सुटल्यासारखा त्याचा चेहरा झाला, आणि मग त्या सुटकेची त्याला लाजही वाटली असावी, कारण पुढचं बोलताना त्याने कमळताईंकडे बघितलं नाही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की ठीक आहे, मग सोमवारपासून राहू द्या, मी वर तसं कळवतो.

कमळताईंनी मान हलवली. काउंटरवर त्यांची तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही होती. त्यांनी वहीवर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि काढून घेतला. सोनलने ते पाहिलं, पण तिच्या ध्यानात काही आलं नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेदहा.

आता काम तासाभराचं होतं. फोन उलटे करायचे, पट्ट्या वाचायच्या, ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. निकेत सरांना तिने कळवलं. त्यांनी दोन मिनिटांत रिपोर्टचं वाक्यच लिहून पाठवलं: वापरकर्त्याने उपकरणांच्या जागा परस्पर बदलल्या. शेवटी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र.

तिने चार फोन पोचवले. पाचव्याचं कुंकू खरवडताना तिचा हात थांबला. लक्ष्मीपूजन अडीच आठवड्यांवर होतं. सुजित मघाशी म्हणाला होता की यापुढे फोनांची पूजा बंद, नोटीसच लावतो. लाव बाबा. सोनलचे वडील हिरामण जन्मभर मिठागरावर राबले. तिथे मीठ ओढायच्या लाकडी दांड्यालाही दसऱ्याला कुंकू लागायचं. पूजा नोटिशीने बंद करणारा मॅनेजर अजून जन्माला यायचाय. म्हणजे आज फोन जागेवर लावायचे, दिवाळीत ते पुन्हा हलणार, आणि तेव्हा बाकावर बसलेल्या बाईला पित्तच झालेलं असेल याची खात्री कोण देणार?

तिने पाचवा फोन खाली ठेवला. मग पोचवलेले चारही परत आणले. सुजित म्हणाला, अहो हे काय करताय, चार वाजता रिपोर्ट आहे. ती म्हणाली, चारच्या आतच करते, फक्त आता दुसऱ्या पद्धतीने करते.

दुसरी पद्धत अशी की नंबर फोनच्या पोटावरून द्यायचाच नाही. तो फोन कुठल्या जागेवरून हाक मारतोय ते बघून द्यायचा. भिंतीतल्या सगळ्या तारा आतल्या खोलीत एका पेटीला येतात, प्रत्येक तारेचं भोक ठरलेलं. हाक कुठल्या भोकातून आली ते पेटी सर्व्हरला सांगू शकते. तेवढं तिला सांगायला लावायचं, आणि यादी नव्याने भरायची. कमळताई शेजारी येऊन उभ्या होत्या. सोमवारपासून येऊ नका म्हटलेली बाई घरी का जात नाही, असं सोनलच्या मनात आलं, पण तिने त्यांना हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे पंगतीत बसवायचं काम," कमळताई म्हणाल्या. "तू माणूस बघून पाट देत होतीस. आता पाटच नेमून ठेवायचा, बसणारा कुनी का असंना."

याच्यापेक्षा बरं सोनलला कुणी कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही सांगितलं नव्हतं. पण पुढे भिंत होती, आणि ती खरोखरची भिंत होती. कुठली तार कुठल्या भोकात जाते याची खूणच कुठे नव्हती. ऑगस्टमध्ये तारा ओढणारे वायरमन एकही चिठ्ठी न लावता निघून गेले होते. ऑफिस सगळं चालू, गर्दीचा दिवस. एकेक तार काढून शोधायची म्हटलं तर दोन दिवस.

सोनल डोक्याला हात लावून आतल्या खोलीत फरशीवर बसली. कमळताई बाहेर गेल्या आणि ती तपकिरी वही घेऊन आल्या.

वायरमन काम करत होते तेव्हा सुजितने त्यांना नुसतं लक्ष ठेवायला बसवलं होतं, सामान जाऊ नये म्हणून. नुसतं बसायचं त्यांना जमत नसे. त्यांनी लिहून काढलं होतं. भोक एक, तिकीट खिडकी डावी. भोक दोन, तिकीट खिडकी उजवी. भोक सात, कंट्रोल, पंख्याखालची. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं टपोरं, आणि भोक चोवीसपुढे कंसात, दोनदा ओढली, आधीची उंदराने खाल्ली.

मग दोघी कामाला लागल्या. कमळताई वाचायच्या, सोनल भरायची. बारा वाजले, एक वाजला. बुधाजीने काही न बोलता दोन वडे आणि चहा आणून ठेवला. कालपासून तो सगळ्यांनाच काही न बोलता वडे देत होता. चहावर साय धरली. एकोणीसला गाडं अडलं. वहीत कपाटामागे लिहिलेलं आणि ऑफिसात कपाटच नाही. कमळताईंनी डोळे मिटले, मग म्हणाल्या, गणपतीत कपाट हिशेबवाल्यांकडे नेलं, म्हणजे जुन्या कपाटाची जागा, म्हणजे आता जिथे पाण्याचा जार हाय तिथं. सोनल जाऊन जार सरकवून आली. होती तिथे तार.

अडीच वाजता यादी पुरी झाली. सोनलने जवळचे फोन तसेच, कुंकवासकट, हाताला येतील त्या टेबलांवर नेऊन लावले आणि एकदम सगळे बंद करून चालू केले. चौतीस स्क्रीन काळे झाले आणि एकेक करून उजळत गेले. कमळताई टेबलाटेबलाशी गेल्या आणि सोनलने आतून एकेक नंबर लावला. कंट्रोल रूमचा कंट्रोल रूममध्ये वाजला. कॅन्टीनचा कॅन्टीनमध्ये. एकतिसावा मात्र वाजेना.

तिने वही ओढून घेतली आणि एकतीस शोधायला पान उलटलं. जरा जास्तच उलटलं. भोकांची यादी मागे राहिली आणि नवीन पान आलं. वर सप्टेंबरातली बारा तारीख होती.

फोनवाल्या मॅडमना विचारले, पुसायला काढले आणि जागा बदलल्या तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, कुठेही लावा मावशी, काही फरक पडत नाही.

सोनलने ते दोनदा वाचलं. तिला शिडी आठवली. ती शिडीवर होती, दातांत टेप धरलेला, खाली कुणीतरी काहीतरी विचारत होतं. तिने खाली बघितलंही नव्हतं. तिला म्हणायचं होतं ते वेगळं होतं, फोन कुठेही नेला तरी आपला नंबर घेऊन जातो असं, आणि त्याचा तिला अभिमान होता. पण तसं तिने सांगितलं नव्हतं. विचारणारीला काय कळायचंय, असं मनात म्हणून तिने ते वाक्य खाली टाकलं होतं, आणि खाली उभ्या असलेल्या बाईने ते उचलून तारखेसकट लिहून ठेवलं होतं.

कमळताई दारात उभ्या होत्या. कुठलं पान उघडलंय ते त्यांना तिथूनच कळलं.

"सकाळी सरांना का नाही दाखवलंत हे?" सोनलने विचारलं.

"पुसले कुनी? मीच ना."

"मावशी, मी सांगितलं म्हणून."

कमळताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बुधाजीला सांगत व्हतीस त्या दिवशी. पहिलंच काम हाय माझं, म्हणून. वडा हातात तसाच, खायचं सुचत नव्हतं तुला. माझी सव्वीस वर्षं झाली की, बाय."

एकतिसाव्या तारेचं टोक नुसतं सैल होतं. सोनलने ते दाबून बसवलं आणि फोन वाजला.

पावणेचारला ती रिपोर्ट लिहायला बसली. निकेत सरांचं वाक्य मोबाईलवर तयार होतं. वापरकर्त्याने उपकरणांच्या जागा परस्पर बदलल्या. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि हेच तर अवघड होतं. ते टाकलं असतं तर कुणीही तिला बोल लावला नसता. वहीवाली बाई तर नक्कीच नाही. रोहा डोळ्यांपुढे होतं. शिडीही होती. दोन्ही बघून झाल्यावर तिने स्वतःचं लिहिलं.

कारण: नंबर जागेला न बांधता फोनला बांधले, ही मांडणीतली चूक. फोन हलवण्याबद्दल ऑफिसने आधी विचारलं होतं, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. चूक आज दुरुस्त केली आहे. फोन आता कुठेही हलवता येतील. सोनल हिरामण घरत.

सुजितने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तिच्याकडे आणि तिच्यामागच्या कमळताईंकडे बघितलं.

"हे नीट विचार करून लिहिलंय ना? हे असंच जाणार वर. तुमच्या कंपनीलाही कॉपी जाते."

"जाऊ द्या."

"मग सकाळचं मी जे बोललो..."

"कारण यात आहे, सर. नावही आहे."

सुजितने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि मेल करायला आत गेला. जाता जाता दाराशी थांबून त्याने कमळताईंना विचारलं की सोमवारी सकाळच्या पाळीला याल का, खिडकीवर गर्दी असते. त्या म्हणाल्या, येते.

दहाच मिनिटांनी सोनलचा मोबाईल थरथरायला लागला. निकेत सर. तिने तो टेबलावर पालथा घातला. तो पालथाच थरथरत राहिला, थांबला, पुन्हा सुरू झाला. सोमवारी त्यांचा आवाज किती गोड असेल याचा तिला अंदाज होता. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण सकाळपासून मानेवर बसलेलं काहीतरी उतरलंही होतं.

कमळताई वही घेऊन समोर बसल्या. नवं पान काढलं, तारीख घातली, पेन धरलं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "दिवाळीला पुसायला काढले आन् जागा बदलल्या, तर चालतंय का न्हाय?"

चालतंय, हा शब्द सोनलच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो आत घेतला. ती खुर्चीवरून उठली, कमळताईंच्या खिडकीतला फोन तारेतून सोडवला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच लावा. तुम्हाला हवा तिथे."

कमळताई फोन दोन्ही हातांत धरून कंट्रोल रूमपर्यंत गेल्या. तिथला काढला, हा लावला. स्क्रीन काळाच राहिला. पोटावरचं कुंकू थोडं टेबलावर सांडलं होतं. ते त्यांनी बोटाने टिपून घेतलं. बाहेर पाचच्या बोटीची रांग लागत होती. दोघी त्या काळ्या चौकोनाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग तो उजळला.

सोनल कॅन्टीनमध्ये गेली, बुधाजीच्या फोनवरून कंट्रोल रूमचा नंबर लावला आणि कान देऊन ऐकत राहिली. दोन दारांपलीकडे घंटी वाजली. तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचललं.

"कंट्रोल," कमळताईंचा आवाज आला, सव्वीस वर्षांचा, स्वच्छ. "बोला."

"लिहा, मावशी," सोनल म्हणाली. "करून बघितलं म्हणून लिहा."